गोको: बेस वर्कशॉप कंत्राटदाराकडे देण्याच्या कल्पनेची पार्श्वभूमी

खडकीची ५१२, दिल्ली छावणीतली ५०५, जबलपूरची ५०६... लष्कराच्या या आर्मी बेस वर्कशॉपची मुळं दुसऱ्या महायुद्धात आहेत. दुरुस्ती सांभाळणारी ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरही १९४३ सालची. किरकोळ बिघाड युनिटमध्ये, त्याहून मोठा फील्ड वर्कशॉपमध्ये, आणि गाडी पार खोलून नव्यासारखी करायची, म्हणजे ओव्हरहॉल, तर बेस वर्कशॉपमध्ये, अशी कामाची उतरंड.

बीएमपी-२ या पायदळाच्या सोव्हिएत बनावटीच्या चिलखती गाडीचं यूटीडी-२० इंजिन घ्या. सहा सिलिंडर, ३०० अश्वशक्ती. उतरवायचं, खोलायचं, धुवायचं. मग लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मोजायचे. मर्यादेपलीकडे झिजलेलं बाद. सील, गॅस्केट मोजत बसायची नाहीत, ती सरसकट नवी. जुळणी झाली की टेस्ट बेडवर चाचणी. पण एक सील आलं नाही तरी जॉब अडतो. मग शेजारच्या गाडीचा भाग काढून इथे बसवतात. ही निघते, ती दुप्पट रखडते. १९९१ नंतर सोव्हिएत कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले आणि हे दुखणं वाढलं. ओव्हरहॉलच्या विलंबावर कॅगनेही बोट ठेवलं.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ साली निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली गेली. तिच्या ६५ शिफारशी ऑगस्ट २०१७ मध्ये मान्य झाल्या. बेस वर्कशॉपची फेररचना त्यांत होती. याच सुमारास ‘गोको’, म्हणजे ‘गव्हर्न्मेंट ओन्ड, कॉन्ट्रॅक्टर ऑपरेटेड’, पुढे आलं. जमीन, इमारती, यंत्रं सरकारची, चालवणार कंत्राटदार. ब्रिटनने २०१५ साली लष्करी गाड्यांची दुरुस्ती करणारा आपला डिफेन्स सपोर्ट ग्रुप बॅबकॉक या खासगी कंपनीला १४ कोटी पौंडांना विकूनच टाकला. अमेरिकेत डेपो पातळीच्या देखभालीचा निम्म्याहून जास्त निधी कायद्यानेच कंत्राटदाराला देता येत नाही. गोको या दोन टोकांच्या मधलं.

कामगार संघटनांनी विरोध केला, तो नोकऱ्यांसाठी, आणि ते साहजिकच होतं. पण खरी गाठ सुट्या भागांची आहे. भाग लष्कराने पुरवायचे ठरले, तर उशीर होताच कंत्राटदार मागणीपत्रांची थप्पी पुढे करणार. त्यानेच आणायचे, तर दर आधीच फुगवणार, कारण इंजिन खोलेपर्यंत कुठला क्रँकशाफ्ट बाद होईल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून नक्की बदलायच्या भागांचा दर ठरीव हवा, आणि बाद ठरणाऱ्यांचा वेगळा, तोही लष्कराच्या तपासनिसाने माप बघून सही केल्यावरच.