तुटलेल्या पिसाचं कलम

गरुडाच्या ‘पुनर्जन्मा’ची गोष्ट परवा पुन्हा एका ग्रुपवर फिरत आली. चाळिशीतला गरुड डोंगरावर जातो, खडकावर आपटून स्वतःची चोच तोडतो, नवी चोच आली की तिने नखं उपटतो, मग पिसं, आणि 150 दिवसांनी ताजातवाना होऊन आणखी 30 वर्षं जगतो. ही गोष्ट लहान मुलांनाही खरी म्हणून सांगतात, त्यामुळे स्पष्टच लिहितो: असं काहीही घडत नाही. चोचीच्या आत हाड असतं. ती मुळातून तुटली तर परत येत नाही आणि पक्षी उपाशी मरतो. शिकारी पक्षी पिसं बदलतात हे मात्र खरं, आणि त्याची हकीकत या भाकडकथेपेक्षा कितीतरी सुरस आहे. इंग्लंडमध्ये ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांच्या बोलीत ती शब्दाशब्दाला सापडते.

1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजे आले आणि शिकारीची दरबारी भाषा फ्रेंच वळणाची झाली. नर ससाणा म्हणजे ‘टियर्सेल’, ‘तिसरा’ या अर्थाच्या शब्दावरून, कारण तो मादीहून साधारण एक तृतीयांशाने लहान असतो. पाळीव पक्ष्याची चोच पुरेशी झिजत नाही, ती तासून द्यावी लागते. त्याला ‘कोपिंग’ म्हणतात, मुळात कापणं. पिसं झडणं म्हणजे ‘म्यू’. लॅटिनमधल्या ‘बदलणे’ या क्रियापदापासून तो शब्द आला, आपल्या ओळखीचा ‘म्यूटेशन’ त्याच कुळातला. पिसं झडायच्या काळात ससाणे जिथे ठेवत ती जागा ‘म्यूज’. लंडनमध्ये चेरिंग क्रॉसला राजाची अशी म्यूज होती. 1534 मध्ये ती जळाली, पुढे तिथे घोड्यांच्या पागा बांधल्या, पण नाव तेच राहिलं. म्हणून इंग्रजीत म्यूज म्हणजे पागा झाली, आणि आज जुन्या पागांची घरं केलेल्या लंडनच्या गल्ल्याही.

आता पिसाकडे येऊ. वाढत्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा आटतो आणि उरतं ते आपल्या नखांसारखं निर्जीव केराटिन. त्यामुळे मोडलेलं पीस भरून येत नाही, पुढच्या झडीची वाट पाहावी लागते. ससाणा वर्षातून एकदा पिसं बदलतो, पण सगळी एकदम नाही. पंखाच्या टोकाकडे 10 मोठी पिसं असतात. आतून मोजलं तर आधी चौथं गळतं, मग तिथून दोन्ही दिशांना एकेक. त्यामुळे उडणं थांबत नाही, मात्र याला काही महिने लागतात. पिलू वाढीच्या दिवसांत उपाशी राहिलं तर त्या दिवसांत तयार झालेल्या भागावर एक आडवी, फिकी, कमजोर रेघ उमटते. तिला ‘हंगर ट्रेस’ म्हणतात, आणि पीस बहुधा तिथेच मोडतं.

ऐन शिकारीच्या हंगामात पीस मोडलं तर? ओढून काढणं धोक्याचं: त्वचेतली मुळाची पिशवी दुखावली तर पुढचं पीस वेडंवाकडं येतं किंवा येतच नाही. म्हणून ते जोडतात. गेल्या वर्षीची झडलेली पिसं नीट जपून ठेवलेली असतात. डाव्या पंखाचं सातवं मोडलं तर डाव्याचंच सातवं हवं, कारण प्रत्येकाचा बाक आणि लांबी वेगळी. दोन्ही दांडे तिरके कापतात आणि दोन्हींत एकच सुई अर्धी अर्धी खुपसतात. जुन्या काळी ही सुई लोखंडाची, दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि तीन धारांची असे. गोल सुईवर पीस फिरलं असतं, तीन धारांवर ते फिरत नाही. आत घालण्यापूर्वी ती शिरक्यात किंवा मिठाच्या पाण्यात बुडवत, म्हणजे आत गंज चढून पकड घट्ट होई! गंजाचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आता देठाच्या पोकळ भागात बांबूची किंवा कार्बन फायबरची काडी घालून गोंदाने चिकटवतात. जखमी शिकारी पक्ष्यांवर उपचार करणारेही हीच युक्ती वापरतात.

या कामाला म्हणतात ‘इम्पिंग’, आणि हा शब्द दरबारी फ्रेंच नाही. तो जुन्या इंग्रजीतला, बागेतला: इम्प म्हणजे झाडाला कलम करणं. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ ‘इम्फेन’ आज लस टोचण्यासाठी वापरतात.

मला खरं वेड लावलं ते पुढच्या गोष्टीने. पिसाच्या त्या पोकळ देठाचं शास्त्रीय नाव ‘कॅलॅमस’, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोरू. तोच शब्द अरबीत ‘कलम’ झाला आणि फारसीमार्गे मराठीत आला. म्हणून आपल्याकडे लेखणीही कलम आणि हापूसच्या रोपाला बांधतात तेही कलम. ससाण्याच्या कॅलॅमसमध्ये काडी बसवणारा माणूस अगदी शब्दशः कलमात कलम करत असतो.

हे कलम टिकतं पुढच्या झडीपर्यंत. मग मुळाच्या पिशवीत नवं पीस वाढू लागतं आणि जोडलेलं जुनं, काडीसकट, खाली ढकलून देतं.