ऑफरोड एसयूव्हीचे टायर व चाके

पक्का रस्ता सोडून वाळू, चिखल, मुरूम, खडक किंवा बर्फ यांवरून चालवता येणाऱ्या एसयूव्हीसाठी टायर आणि चाके निवडताना टायरचा व्यास, रुंदी, भिंतीची उंची, भारक्षमता व नक्षी आणि चाकाचा व्यास, रुंदी, ऑफसेट (चाक गाडीला टेकते ती बाजू आणि चाकाच्या रुंदीचा मध्य यांतले अंतर) व धातू या साऱ्यांचा मेळ घालावा लागतो. यांपैकी नक्षी डोळ्यांत चटकन भरते, म्हणून खरेदीच्या वेळी चर्चा बहुधा तिचीच होते. परंतु मऊ आणि खडकाळ अशा दोन्ही प्रकारच्या जमिनींवर टायरचा व्यास, भिंतीची उंची आणि आतील हवेचा दाब यांचा परिणाम नक्षीइतकाच, पुष्कळदा तिच्याहून अधिक असतो, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

हवा भरलेल्या टायरचे जनकत्व सर्वसाधारणपणे जॉन बॉइड डनलॉप यांना दिले जाते (१८८८). तथापि रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने याच कल्पनेचे ब्रिटिश पेटंट १८४५ मध्ये घेतले होते आणि त्यामुळे डनलॉप यांचे पेटंट पुढे रद्दबातल ठरले. कल्पनेचा मान थॉमसन यांना आणि ती व्यवहारात रुजवण्याचा मान डनलॉप यांना देणे न्याय्य दिसते. रेडियल टायरच्या बाबतीतही असाच वाद आहे. अमेरिकेत आर्थर सॅव्हेज यांनी १९१० च्या दशकात या रचनेचा पाठपुरावा केला होता. मात्र १९४६ मध्ये पेटंट घेऊन काही वर्षांतच तिचे यशस्वी उत्पादन मिशलॅंने केले, त्यामुळे बहुतेक लेखक श्रेय त्या कंपनीला देतात. दुसऱ्या महायुद्धातील जीपला ६.००-१६ मापाचे, आडव्या दांड्यांच्या नक्षीचे आणि एकमेकांना तिरके छेदणाऱ्या धाग्यांचे टायर असत. १९७० च्या रेंज रोव्हरला मात्र कारखान्यातूनच रेडियल टायर मिळाले. ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता व कच्ची जमीन या दोन्हींसाठीच्या टायरांचा वर्ग नेमका केव्हा स्थिरावला हे मुख्यतः उत्पादकांच्या कथनावरून ठरवावे लागते. बीएफगुडरिचने १९७६ च्या सुमारास आणलेला रेडियल ऑल-टेरेन टायर हा त्याचा आरंभीचा महत्त्वाचा नमुना धरण्याचा प्रघात आहे.

रेडियल रचनेत धागे एका बीडपासून (टायरची रिमवर बसणारी कड) दुसऱ्या बीडपर्यंत काटकोनात जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. त्यामुळे भिंत लवते, पण तळ सपाट राहतो. ऑफरोड वापरात हा गुण मोलाचा असला, तरी तीच लवचीक भिंत धारदार दगडासमोर टायरची सर्वांत दुबळी जागा ठरते.

टायरच्या मापाचा संकेत नीट वाचल्यास निवडीतील निम्मे प्रश्न सुटतात. २६५/६५आर१७ या मापात रुंदी २६५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १७२ मिमी आणि रिमचा व्यास १७ इंच असतो. एकूण व्यास सुमारे ७७६ मिमी भरतो. आता २६५/६०आर१८ आणि २६५/५०आर२० ही मापे पाहावीत. त्यांचे व्यास अनुक्रमे सुमारे ७७५ आणि ७७३ मिमी, म्हणजे जवळजवळ तेवढेच आहेत, परंतु भिंतीची उंची १५९ आणि १३२.५ मिमी इतकी उतरते. बाहेरून तिन्ही चाके सारख्याच उंचीची दिसतात. खड्ड्याच्या कडेवर किंवा दगडावर टायर आदळला, की १७ इंची रिम आणि दगड यांच्यामध्ये २० इंचीपेक्षा सुमारे ४० मिमी अधिक रबर व हवा असते. रिम वाकणे आणि भिंत चिरडली जाणे यांतला फरक पुष्कळदा या ४० मिमींतच असतो. ब्रेकचे कॅलिपर आत मावतील तेवढे लहान रिम निवडावे, ही शिफारस यावरूनच येते.

व्यास वाढवला, की गाडीची उंची वाढीच्या निम्म्याने वाढते. २६५/७०आर१७ ऐवजी २८५/७०आर१७ घेतल्यास व्यास ८०३ वरून ८३१ मिमी होतो, म्हणजे जमिनीपासूनचे अंतर १४ मिमीने वाढते. त्याच वेळी चाकाचा प्रत्येक फेरा सुमारे ३.५ टक्के लांब पडतो. वेगदर्शकाचा काटा तेवढा मागे राहतो, गिअरिंग तितकेच उंच होते आणि तीव्र चढावर हळू चालण्याची क्षमता घटते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर मडगार्डला घासतो का, हे आधी तपासणे आवश्यक असते.

टायर रुंद असावा की अरुंद, हा या विषयातील सर्वांत जुना वाद आहे. रुंद टायरचे समर्थक म्हणतात, की भार अधिक क्षेत्रावर पसरल्याने चाक रुतत नाही. अरुंद टायरचे समर्थक सांगतात, की वरचा चिखल कापून टायर खालच्या टणक थरापर्यंत पोचतो. दोन्ही बाजूंना अनुभवाचा आधार आहे, कारण पहिले विधान खोल वाळू व सैल बर्फ यांना, तर दुसरे टणक तळ असलेल्या उथळ चिखलाला लागू पडते. या वादाला गणिती पाया देण्याचे काम पोलिश वंशाचे अभियंते मिएचिस्वाव बेकर यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केले. चांद्रवाहनाच्या आखणीतही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या मांडणीनुसार मऊ जमिनीत चाकाचे रुतणे ठशावरील (टायर जमिनीला टेकतो त्या भागावरील) सरासरी दाब, जमिनीचे गुणांक आणि ठशाची लहान बाजू यांवर अवलंबून असते. चाकाला होणारा अवरोध म्हणजे चाकोरी दाबत नेण्यासाठी खर्च होणारे काम असल्यामुळे, क्षेत्रफळ तेच ठेवून ठसा लांब व अरुंद केला तर हे काम सामान्यतः कमी होते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की रुंदी वाढवण्यापेक्षा व्यास वाढवणे अधिक फलदायी असते. सपाट पट्ट्या जमिनीत दाबून केलेल्या प्रयोगांवर ही सूत्रे उभी आहेत आणि नक्षीच्या ठोकळ्यांचा परिणाम त्यांत पुरेसा येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त असला, तरी मूळ निष्कर्षाची दिशा त्याने बदलत नाही.

हवेचा दाब कमी करणे हा ठसा लांबवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. रस्त्यावर ३५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आसपास असलेला दाब वाळूत साधारणतः १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवला, की टायरची भिंत खालच्या बाजूला फुगते आणि ठसा रुंदीत थोडा, पण लांबीत बराच वाढतो. कोरड्या वाळूत जागीच फिरून स्वतःला पुरत असलेले चाक एवढ्याने वर येऊन चालू लागते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर नक्षीचे महत्त्व आपोआप मर्यादित वाटू लागते. भिंत जितकी उंच, तितका हा उपाय सुरक्षित. बुटक्या भिंतीच्या टायरमध्ये लवण्यास जागाच नसते. कमी दाबावर वेग कमी ठेवावा आणि झटक्याने वळू नये, कारण टायर तापतो व बीड रिमवरून निसटू शकतो. पक्क्या रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे अनिवार्य आहे.

नक्षीचे हायवे-टेरेन, ऑल-टेरेन आणि मड-टेरेन हे तीन वर्ग परिचित आहेत. मड-टेरेनमधील रुंद पोकळ्या फिरताना चिखल बाहेर फेकतात, परंतु ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि आवाज अधिक असतो. मिश्र वापरासाठी ऑल-टेरेन पुरेसा ठरतो. हिवाळी बर्फासाठी केवळ ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल व बर्फ) या अक्षरांवर न जाता तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह पाहावे, कारण ते ठरावीक चाचणीनंतरच मिळते.

भारक्षमतेकडे अनेकदा दुर्लक्ष होते. २६५/७०आर१७ या मापाच्या साध्या टायरचा भारनिर्देशांक सामान्यतः ११५, म्हणजे १,२१५ किग्रॅ. असतो, याच मापाच्या ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या ट्रकसाठीच्या) प्रकारातील ‘ई’ श्रेणीच्या टायरचा तो १२१, म्हणजे १,४५० किग्रॅ. असतो. मात्र ही अधिक क्षमता ८० पीएसआयच्या आसपासच्या दाबालाच मिळते. समान दाबाला एलटी टायर साध्या टायरपेक्षा कमी भार पेलतो, म्हणून जुनाच दाब कायम ठेवणे चुकीचे असते. एलटी टायरची भिंत जाड व चिवट असते, पण तो जडही असतो. स्प्रिंगखालचे हे वजन ब्रेक, इंधन आणि आराम या तिन्हींवर ताण आणते.

चाकाच्या बाबतीत बोल्टांच्या वर्तुळाचे माप, हबचे मध्यछिद्र आणि नटाची बैठक ही तिन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. टोयोटाच्या अनेक गाड्यांतील ६×१३९.७, जीप रँग्लरच्या अलीकडच्या पिढ्यांतील ५×१२७ आणि जुन्या लँड रोव्हरमधील ५×१६५.१ ही मिलिमीटरमधील अडनिडी मापे मुळात ५.५, ५ आणि ६.५ इंच आहेत. ऑफसेट कमी केल्यास चाक बाहेर सरकते. ते ऐटबाज दिसत असले, तरी बेअरिंगवरील ताण वाढतो आणि स्टिअरिंगला बसणारे हिसके तीव्र होतात, त्यामुळे मूळ ऑफसेटच्या शक्य तितके जवळ राहणे इष्ट. पोलादी रिम जड असते, पण वाकल्यास बहुधा ठोकून कामापुरती सरळ करता येते. ओतीव ॲल्युमिनियमची रिम हलकी असते, पण जबर आघाताने तडकू शकते. घडीव रिम दोहोंपेक्षा सरस, पण महाग. बीड आवळून धरणाऱ्या बीडलॉक रिम अतिशय कमी दाबासाठी असतात. त्यांचे बोल्ट वारंवार तपासावे लागत असल्याने रोजच्या वापरास त्या सोयीच्या नाहीत.

कायम चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत सर्व टायरांचा परीघ सारखा हवा, अन्यथा पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगातील फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल सतत फिरत राहून झिजतो. हाच नियम जादा चाकालाही लागू होतो, म्हणून तेही त्याच मापाचे घ्यावे आणि चाकांच्या जागांच्या फेरबदलात समाविष्ट करावे. जादा टायर न वापरताही जुना होतो. भिंतीवरील चार अंकी संकेतातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ३२२३ हा टायर २०२३ च्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला असतो.