युनिव्हर्सल रिमोट सेट करताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा युनिव्हर्सल (अनेक कंपन्यांच्या टीव्हीला चालणारा) रिमोट घेतलात तरी जुना लगेच टाकून देऊ नका. त्याची चार बटणं जरी चालत असली, तरी त्यावरून नवा रिमोट तयार करता येतो.

रिमोटच्या टोकाला असलेला छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. हा प्रकाश सेकंदाला बहुधा ३८,००० वेळा लुकलुकतो, त्यामुळे टीव्हीला तो ऊन-दिव्यांच्या उजेडातून वेगळा ओळखता येतो. लुकलुक किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, यातून कोड बनतो. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ३६,००० वेळा) चालते, सोनीची ४० वर. शिवाय प्रत्येकाची मांडणी वेगळी, म्हणून एकाचा रिमोट दुसऱ्याला सहसा चालत नाही.

कोड टाकून सेट करणे: टीव्ही चालू ठेवा. ‘सेट’ बटण दिवा स्थिर लागेपर्यंत दाबून धरा, मग यादीतला कोड टाका. (मॉडेलप्रमाणे बटणं बदलतात, खोक्यातला कागद पाहा.) एकाच कंपनीपुढे पाच-सहा कोड दिसले तर गोंधळू नका, कंपन्या मॉडेलनुसार आतलं सर्किट बदलतात. नुसतं पॉवर चाललं म्हणून थांबू नका. आवाज, मेनू आणि सोर्सही दाबून बघा. ऑटो सर्चमध्ये (रिमोट स्वतःच एकेक कोड पाठवून बघतो) टीव्ही बंद झाला रे झाला की बोट उचला, नाहीतर रिमोट पुढच्या कोडवर जातो. स्थानिक जुळणीच्या टीव्हीवर नाव काहीही असो, आतला बोर्ड भलत्याचाच असू शकतो. तिथे यादी शोधत बसण्यापेक्षा पुढची पद्धत बरी.

जुन्यावरून शिकवणे: ही सोय फक्त लर्निंग (दुसऱ्या रिमोटचे कोड शिकून घेणाऱ्या) रिमोटमध्ये असते, सेट-टॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटवर चौकटीतली टीव्हीची बटणंही अशीच शिकतात. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, दोन-तीन सेंटीमीटर अंतरावर ठेवा. थेट ऊन नको. नव्यावरचं बटण निवडा, जुन्यावरचं तेच दाबा, दिवा लुकलुकला की झालं. जुन्यात ताजे सेल घाला. एवढं सगळं जुना जिवंत असेपर्यंतच जमतं, म्हणून तो कुरकुरायला लागला की लगेच हे काम उरकून घ्या.

एसीला मात्र शिकवण्याची पद्धत फारशी कामाची नाही. एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंख्याचा वेग असा सगळा हिशोब एकदम पाठवतो. ‘तापमान वाढवा’ हे बटण २४ अंशांवर असताना शिकवलंत, तर नंतर कितीही दाबा, तेच एक तापमान जाणार. एसीसाठी वेगळा युनिव्हर्सल रिमोट घ्या. व्हॉइस रिमोटची ब्लूटूथवर चालणारी बटणं तर इन्फ्रारेडने शिकता येत नाहीत.

रिमोट चालतो की नाही, हे घरीच तपासा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावून त्याच्यासमोर बटण दाबा; पडद्यावर जांभळट ठिपका दिसला तर दिवा ठीक आहे. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फिल्टर असतो, त्यामुळे ठिपका न दिसण्याची शक्यता असते.

दुकानात येताना जुना रिमोट आणा. तो हरवला असेल, तर टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून आणा. फोनवर नुसतं ‘बत्तीस इंची एलईडी’ सांगितलंत, तर कोणता रिमोट द्यायचा ते आम्हालाही कळत नाही.