रंग सांगणारं अक्षर: गेममधल्या कलर कोडची पार्श्वभूमी

माइनक्राफ्टमध्ये § ही खूण आणि तिच्यापुढे ४ आला की मजकूर गडद लाल होतो. क्वेक थ्री अरीनामध्ये ^ आणि पुढे ४ आला की तोच मजकूर निळा होतो. आकडा एकच, रंग मात्र वेगळे. यात कोणाची लहर नाही. दोन्ही आकड्यांचं वळण व्हिडिओ गेमच्या बाहेरून आलेलं आहे आणि तिथपर्यंत मागे गेलं की या कोडचा अर्थ नीट लागतो.

पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांतून बनतो. प्रत्येक प्रकाश फक्त चालू किंवा बंद ठेवायचा असेल तर तीन बिट (० किंवा १ धरणाऱ्या तीन जागा) पुरतात आणि आठ रंग मिळतात. प्रश्न उरतो तो एवढाच की कुठल्या प्रकाशाला १ म्हणायचं, कुठल्याला २ आणि कुठल्याला ४. टर्मिनल म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेला अक्षरांचा पडदा आणि कीबोर्ड. त्यासाठीच्या एएनएसआय एस्केप कोडमध्ये अक्षरांचे रंग ३० ते ३७ या आकड्यांनी सांगतात. तिथे लाल १, हिरवा २, निळा ४, म्हणून ३१ म्हणजे लाल आणि ३४ म्हणजे निळा. आयबीएमनं १९८१ मध्ये पीसीबरोबर सीजीए हे ग्राफिक्स कार्ड आणलं, त्यात नेमकं उलट होतं: निळा १, हिरवा २, लाल ४. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकानं तिसरीच वाट धरली. निळा १, लाल २, हिरवा ४. त्यामुळे त्याचे आठ रंग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजळत जाणाऱ्या क्रमात बसले आणि कृष्णधवल टीव्हीवरही करड्या छटांची नीट चढण दिसायची. मला ही मांडणी तिन्हींत सर्वांत देखणी वाटते.

क्वेक थ्रीचा क्रम पहिल्या चार रंगांपर्यंत टर्मिनलसारखा चालतो: लाल, हिरवा, पिवळा, निळा. पुढे सायन (निळसर हिरवा) आणि मॅजेन्टा (गडद गुलाबी) यांची तेवढी अदलाबदल आहे. माइनक्राफ्टचा क्रम सरळ पीसीचा आहे. पण आकड्याआधी येते ती खूण. ‘यापुढचं अक्षर वाचू नका, हुकूम म्हणून पाळा’ असं सांगणारं एक अक्षर ठरवावं लागतं, आणि जे ठरवलं ते साध्या मजकुरातून गमवावं लागतं. कलर कोडचा सगळा इतिहास हे कुठलं अक्षर गमवायचं याचाच आहे.

सुरुवातीला उत्तर सोपं होतं: जे अक्षर दिसतच नाही ते घ्या. व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ मध्ये आलं. त्यात रंग नव्हते, पण ठळक अक्षर, अधोरेखा, लुकलुकणं आणि उलटी छटा होती, आणि या सगळ्याची सुरुवात एस्केप या अदृश्य अक्षरानं व्हायची. म्हणजे मजकूर सजवण्याची सोय रंगाच्या आधीपासून आहे. घरगुती संगणकांनीही हीच रीत उचलली. कमोडोर ६४ वर प्रोग्राममधल्या अवतरणचिन्हांत कंट्रोल धरून आकडा दाबला की रंगाचा कोड मजकुरातच बसायचा. स्पेक्ट्रममध्ये १६ क्रमांकाचं अक्षर शाईचा, म्हणजे अक्षरांचा रंग बदलायचं आणि १७ क्रमांकाचं कागदाचा, म्हणजे मागच्या भागाचा. बीबीसी मायक्रोच्या ७ क्रमांकाच्या मोडमध्ये टेलिटेक्स्टची, म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं दाखवणाऱ्या सेवेची पद्धत होती. तिथे १२९ म्हणजे लाल, १३० म्हणजे हिरवा, पण प्रत्येक कोड पडद्यावर एका अक्षराची जागा खायचा. वाक्याच्या मध्ये रंग बदलायचा तर तिथे मोकळं घर राहणारच. मजकुराचे गेम लिहिणारे ही मोकळी जागा मोजूनच वाक्यं बसवत.

अदृश्य अक्षराची अडचण अशी की ते साध्या एडिटरमध्ये सहज टाइप करता येत नाही. ही अडचण खरी जाणवली ती मडमध्ये. पहिलं मड रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून एसेक्स विद्यापीठात उभं केलं. पूर्ण मजकुराचं, अनेकांनी एकाच वेळी खेळायचं ते जग होतं. त्याच्या पुढच्या पिढ्यांत खोल्यांची वर्णनं अनेक हौशी लोक साध्या एडिटरमध्ये लिहू लागले. त्यांच्यासाठी & किंवा { अशी दिसणारी खूण आणि पुढे रंगाच्या नावाचं अक्षर ही पद्धत पडली. सर्व्हर ती खूण वाचून खेळाडूच्या टर्मिनलकडे खरा एस्केप कोड पाठवायचा. लिहिणाऱ्यासाठी एक भाषा, यंत्रासाठी दुसरी आणि मध्ये सर्व्हर दुभाषी. पुढे माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर हीच रचना जशीच्या तशी परत आली.

१९९६ च्या क्वेकमध्ये कलर कोड नव्हताच. त्याची सगळी अक्षरं एका चित्रात होती, १६ ओळी आणि १६ रकाने. पहिल्या १२८ घरांत साधी अक्षरं आणि पुढच्या १२८ घरांत तीच तांबूस रंगात. खेळाडूच्या नावातल्या अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवले की ते तांबूस दिसायचं. खेळाडूंना हे कळल्यावर नाव सजवण्याची हौस आवरली नाही. १९९९ मध्ये क्वेक थ्रीनं त्या हौसेला रीतसर दार उघडून दिलं: ^ आणि एक आकडा.

या गेमचा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला, त्यामुळे आतलं गणित वाचता येतं. ^ नंतरच्या अक्षराच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा करायचा आणि उरलेल्यातले शेवटचे तीन बिट ठेवायचे, एवढंच. ते अक्षर आकडाच आहे का, हे कोणी तपासत नाही. म्हणून ^ पुढे ८ लिहिला तर काळा रंग येतो आणि लहान लिपीतला इंग्रजी ए लिहिला तर लाल. फक्त ^ पुढे पुन्हा ^ आला तर तो कोड धरला जात नाही. दोन ओळींचं हे काम आहे, पण त्यामुळे नाव आणि नावाचा दिखावा वेगळे झाले. नावांची तुलना करायची तर आधी रंग खरवडून काढणारं वेगळं फंक्शन लिहावं लागलं आणि तेही त्याच कोडमध्ये आहे.

ब्लिझार्ड या कंपनीच्या गेममध्ये रंग सजावटीपुरता राहिला नाही, त्याला शब्दाची किंमत आली. डायाब्लो टूमध्ये खुणेची सुरुवात दोन टिंबांच्या वायनं होते. एका बाइटात मावणाऱ्या २५६ क्रमांकांतलं ते अगदी शेवटचं अक्षर, म्हणजे गमावलं तरी इंग्रजीत कोणाचं अडणार नाही असं. वॉरक्राफ्ट थ्रीनं २००२ मध्ये | ही उभी रेघ घेतली, तिच्यापुढे इंग्रजी सी, मग सोळाच्या पायातले (० ते ९ आणि ए ते एफ) आठ आकडे आणि शेवटी रंग बंद करणारी वेगळी खूण. २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हीच पद्धत वस्तूंच्या दर्जाला लागली: करडा, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा, नारिंगी. खेळाडू वस्तूचं नाव न घेता ‘जांभळी मिळाली’ म्हणू लागले. एवढा अर्थ रंगात भरला की कोणालाही हवा तो रंग टाइप करू देणं परवडत नाही, कारण खोटी नारिंगी वस्तू दाखवून सौदा करता येईल. चॅटमध्ये नुसती | टाइप केली तर ती हुकूम न होता साधी रेघच राहते, ती याच कारणानं.

ट्रॅकमेनिया या मोटारशर्यतीच्या गेमनं उलटी उदारता दाखवली. $ पुढे सोळाच्या पायातले तीन आकडे, म्हणजे ४,०९६ रंग आणि तेही प्रत्येक खेळाडूच्या नावासाठी. ज्याला खरोखर डॉलरची खूण हवी त्यानं ती दोनदा लिहायची.

आता माइनक्राफ्ट. त्याच्या सोळा रंगांची यादी कोणी रंग निवडून बनवलेली नाही, ती एका सूत्रातून येते. कोडचा आकडा चार बिटांत मोडायचा. लाल, हिरवा, निळा यांपैकी जो बिट चालू त्याला २५५ पैकी १७०, आणि चौथा म्हणजे उजळपणाचा बिट चालू असेल तर तिन्हींत ८५ जास्त. हे सीजीएचंच गणित आहे. त्यात ६ क्रमांकाला लाल आणि हिरवा सारखे, म्हणजे शेवाळी पिवळा येतो आणि तो दिसायला वाईट. आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये या एकाच रंगासाठी हिरवा निम्मा करणारी सोय होती, त्यातून तपकिरी झाला. माइनक्राफ्टच्या कोडमध्येही ६ साठी वेगळी अट आहे, पण तिथे हिरवा कमी न करता लालात ८५ वाढवले आणि सोनेरी मिळाला. एकच नावडता रंग आणि त्यावर दोन वेगळे इलाज. मला या सगळ्या इतिहासात हाच तुकडा सर्वांत आवडतो.

§ ची खूण स्वीडिश कीबोर्डवर १ च्या डावीकडेच असते आणि हा गेम स्वीडनमधला. इतर अनेक कीबोर्डवर ती नाहीच. शिवाय जावा आवृत्तीत, म्हणजे संगणकावरच्या मूळ माइनक्राफ्टमध्ये, खेळाडूनं ती चॅटमध्ये पाठवली तर सर्व्हर नाकारतो. म्हणून सर्व्हर चालवणाऱ्यांनी & लिहायचं आणि सर्व्हरला जोडलेल्या प्लगइननं त्याचं § करायचं, ही मडची जुनी तोड पुन्हा रुळली. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत § दोन बाइटची असते. फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये वाचली की खुणेआधी टोपीवाला ए उगवतो. सर्व्हरच्या फाइली हाताळणाऱ्या प्रत्येकाला हा टोपीवाला पाहुणा ओळखीचा आहे.

ठळक, तिरपं, अधोरेखित यांची अक्षरं त्याच खुणेवर बसली. ठळक म्हणजे तेच अक्षर एक पिक्सेल सरकवून पुन्हा काढलेलं. जावा आवृत्तीत रंगाचा कोड आधीची सजावट पुसतो, म्हणून आधी रंग आणि मग ठळक हा क्रम पाळावाच लागतो.

२०१३ च्या माइनक्राफ्ट १.७.२ पासून टेलरॉ या संदेश दाखवणाऱ्या कमांडनं मजकूर आणि रंग वेगळ्या रकान्यांत लिहायची सोय दिली, त्यामुळे कुठलंच अक्षर गमवायची गरज उरली नाही. २०२० च्या १.१६ मध्ये १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग खुले झाले. तरी ‘गोल्ड’ असं नावानं लिहिलं तर येतो तो जुनाच सहावा रंग: लाल २५५, हिरवा १७०, निळा शून्य.