कोल्टन बॅटरीत नसतं

‘काँगोतल्या कोल्टनपासून मोबाइलची बॅटरी बनते’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गफलत होणं साहजिक आहे. कोल्टन आणि कोबाल्ट, नावं जुळ्या भावांसारखी, देशही एकच.

बॅटरीत जातो तो कोबाल्ट, लिथियमच्या जोडीला. त्याच्या खाणी काँगोच्या दक्षिणेला, कोल्वेझीच्या आसपास. कोल्टन हे मात्र पूर्वेकडच्या किवू भागातलं काळपट, हाताला जड लागणारं खनिज. त्यातून टँटलम काढतात. या धातूच्या भुकटीची सच्छिद्र गोळी भाजून तिच्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढवतात आणि तिचा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग, बनवतात. आकार तांदळाच्या दाण्याएवढा, पण त्या मानाने विद्युतभार बराच धरतो.

पडताळायचं असेल तर बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपचा बोर्ड पाहा. पिवळी किंवा काळी चौकोनी वडी, एका टोकाला पट्टी, ती बहुधा टँटलमची. बॅटरी बाजूला काढली तरी वडी बोर्डावरच राहते. बॅटरी फोडून बघायला मात्र जाऊ नका, पेट घेते.

खाणीतल्या मजुरांचे हाल आणि त्या पैशावर पोसलेले सशस्त्र गट, मेसेजमधला हा भाग असेल तर तो खराच आहे.