पाव अंशाचा वाद: विखुरलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी कशी मोजली गेली

हलक्या पदार्थावरून विखुरलेले किरण मूळ किरणांपेक्षा ‘मऊ’ होतात, पत्र्यातून कमी पार जातात, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टनच्या बरंच आधी लक्षात आलं होतं. गॅमा किरणांबाबत ईव्हने 1904 मध्येच ते नोंदवलं. पण शोषणाचा पत्रा सरासरीच सांगतो. मूळ किरणांचीच तरंगलांबी बदलली, की पदार्थातून नवी प्रतिदीप्ती (किरण शोषून पदार्थाने स्वतः सोडलेले किरण) निघून त्यांत मिसळली, हे त्यातून कळत नाही. खुद्द कॉम्प्टनही आधी प्रतिदीप्तीच्याच बाजूने होता.

कोडं सोडवलं स्फटिकाने. सेंट लुईसमध्ये 1922-23 मध्ये त्याने मॉलिब्डेनमचे किरण (0.711 अँगस्ट्रॉम; 1 अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) ग्रॅफाइटवर सोडले आणि विखुरलेले किरण फटींमधून कॅल्साइटवर घेतले. मागावर ताण्याचे धागे असतात तसे कॅल्साइटचे थर समान अंतरावर असतात, फक्त अंतर 3.03 अँगस्ट्रॉम. किरण कणासारखा इलेक्ट्रॉनवर आदळून ऊर्जा गमावत असेल, तर 90 अंशांत विखुरल्यावर तरंगलांबीत अपेक्षित वाढ 0.0243 अँगस्ट्रॉम. ब्रॅगचा कोन, म्हणजे ज्या कोनात स्फटिक ती तरंगलांबी परावर्तित करतो, 6.74 वरून 6.97 अंशांवर जातो. सगळा वाद या पाव अंशाहून कमी फरकावर! फट रुंद ठेवली तर दोन शिखरं एकमेकांत मिसळतात, अरुंद केली तर आयनीभवन कक्षात, म्हणजे किरणांची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणात, प्रवाहच उरत नाही. म्हणून त्याने क्ष-किरण नळीची काच मुद्दाम अरुंद करून घेतली, म्हणजे ग्रॅफाइट नळीतल्या लक्ष्याला, जिथून क्ष-किरण निघतात त्याला, जवळजवळ चिकटवता येई.

वाढ मूळ तरंगलांबीवर अवलंबून नाही, ही यातली सोय. मॉलिब्डेनमला ती 3.4 टक्के पडते, तांब्याच्या 1.54 अँगस्ट्रॉमला 1.6 टक्केच, आणि दृश्य प्रकाशाला मोजण्याजोगी नाहीच.

हार्वर्ड विद्यापीठातल्या विल्यम ड्युएनला मात्र ही वाढ दिसेना. त्याला भलतीच ‘तृतीयक’ किरणं (सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंवर आदळून निघणारी) दिसत होती. त्याच्या गटाने कॉम्प्टनच्या नळीभोवतीच्या लाकडी पेटीवर बोट ठेवलं: लाकडातला कार्बन आणि ऑक्सिजनही किरण विखुरतात. 1924 संपता संपता त्याने माघार घेतली. त्याच वर्षी टोरोंटोच्या बैठकीत या वादाला रामन हजर होते.

गंमत म्हणजे पत्र्याची जुनी रीत विद्यार्थ्यांच्या प्रयोगात परत आली आहे. तांब्याची पातळ पट्टी आधी विखुरणाऱ्या ठोकळ्याच्या अलीकडे लावून मोजायचं, मग पलीकडे. शोषण तरंगलांबीच्या साधारण घनाने वाढतं, त्यामुळे 3.4 टक्क्यांचे जवळपास 10 टक्के होतात. पट्टीविना मोजणी आणि पार्श्वभूमीची वजाबाकी विसरली की आकडा गेलाच.

दुसरी रीत गॅमा किरण देणारं सीझियम-137 आणि किरण टिपणारा सोडियम आयोडाइडचा स्फटिक यांची: 662 केईव्हीचं (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) शिखर 90 अंशांत 288 वर येतं. इथे तरंगलांबीऐवजी ऊर्जा मोजतात, आणि सोलापूरसारख्या उष्ण गावात खरी अडचण एप्रिल-मेची. खोली तापली की किरण पडल्यावर स्फटिकातून निघणारा उजेड आणि तो विद्युत संकेतात बदलून मोठा करणाऱ्या प्रकाशगुणक नळीची वर्धनक्षमता दोन्ही सरकतात. 288 वर 6 केईव्हीचं सरकणं म्हणजे कोनात 2 अंशांची चूक केल्यासारखंच. म्हणून सकाळचं अंशांकन दुपारी वापरायचं नाही. नळीचा उच्च दाबाचा विद्युत पुरवठा अर्धा तास आधी चालू ठेवायचा, आणि प्रत्येक कोनाच्या आधी व नंतर 662 चं शिखर तपासायचं. वीज जाऊन आली असेल तर पुन्हा पहिल्यापासून.