पडदा आणि टिकली: कर्टन वॉल कुठली, स्ट्रक्चरल ग्लेझिंग कुठलं?

गेल्या जुलैत वाशीच्या एका कमर्शियल बिल्डिंगच्या कमिटी मीटिंगला मला बोलावलं होतं. चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसांत पाणी येत होतं, फॉल्स सीलिंगच्या टाइल्स फुगून पिवळ्या पडल्या होत्या आणि टेबलावर दोन कोटेशन्स होती. एकावर 'कर्टन वॉल रिपेअर', दुसऱ्यावर 'स्ट्रक्चरल ग्लेझिंग रिपेअर'. रकमेत तिपटीचा फरक. सेक्रेटरी काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "अहो, आपल्या बिल्डिंगला यातलं नेमकं आहे तरी काय?"

"दोन्ही," मी म्हणालो. तिथेच माझी किंमत निम्म्यावर आली.

पण उत्तर तेच आहे. नवी मुंबईत काचेची कुठलीही बिल्डिंग दिसली की लोक तिला ग्लेझिंग म्हणतात, टेंडरवाले स्ट्रक्चरल ग्लेझिंग लिहितात आणि आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर कर्टन वॉल असतं. तिघेही एकाच काचेकडे बोट दाखवत असतात, म्हणून हे शब्द एकमेकांना पर्याय आहेत असं वाटतं. चहा कपातून घेणार की ग्लासातून हा एक प्रश्न, गुळाचा की साखरेचा हा दुसरा. इथेही तसंच आहे. कर्टन वॉल म्हणजे भिंतीची जात. स्ट्रक्चरल ग्लेझिंग म्हणजे काच धरायची रीत.

आधी भिंत. कोकणातलं कुडाचं घर ज्याने पाहिलंय त्याला अर्धी कर्टन वॉल आधीच समजलेली असते. छपराचा भार मेढींवर. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेला आडोसा. कूड पडला तर घर उघडं पडतं, खाली येत नाही. कर्टन वॉलही बिल्डिंगचा एक किलोसुद्धा भार घेत नाही. स्वतःचं वजन आणि अंगावर आलेला वारा, एवढंच तिचं काम, आणि तेही ती शेवटी स्लॅबकडेच सोपवते. फरक इतकाच की कूड जमिनीवर उभा असतो आणि ही भिंत दारावरच्या पडद्यासारखी वरून लटकते.

ती लटकते कशी ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक स्लॅबच्या कडेला अँकर फास्टनरने ब्रॅकेट बसवतात आणि त्याला ॲल्युमिनियमचा उभा सेक्शन, म्हणजे मुलियन, अडकवतात. ब्रॅकेटची भोकं मुद्दाम लांबट ठेवतात, कारण आपल्याकडे कुठल्याही दोन मजल्यांच्या स्लॅबच्या कडा एका ओळंब्यात येत नाहीत. वीस-पंचवीस मिलिमीटर आत-बाहेर हे आम्ही नशीबच समजतो. वरच्या आणि खालच्या मुलियनमध्ये बोटभर फट सोडून आत एक जोडनळी घालतात. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २४ मायक्रॉन वाढतं. चार मीटरचा मुलियन पहाटे आणि दुपारच्या उन्हात चाळीस अंशांच्या फरकातून गेला तर जवळजवळ चार मिलिमीटर लांबतो. फट ठेवली नाही तर तो वाकेल नाहीतर काचेला दाबेल. दुपारी ऑफिसात भिंतीतून 'टक्' असा आवाज येतो, तो बहुतेक वेळा हाच.

भिंत स्लॅबच्या पुढे लटकते म्हणजे स्लॅब आणि काच यांच्यात पोकळी आली. तिथे रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, ठासून वरून धूर अडवणारा सीलंट मारायचा असतो. फर्निचरवाल्याने वायर न्यायला तो उपटला आणि परत भरलाच नाही, असं मी मोजता येणार नाही इतक्या ठिकाणी पाहिलंय. आग लागली तर त्याच वाटेने ती वरच्या मजल्यावर जाते.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्यात काच कशी बसवली याचा अजून उल्लेखच आलेला नाही. सॅन फ्रान्सिस्कोची हॅलिडी बिल्डिंग १९१८ ची. तिची काचेची दर्शनी बाजू खांबांच्या पुढे लटकवलेली आहे, म्हणजे कर्टन वॉलच. न्यूयॉर्कचं लीव्हर हाऊस १९५२ चं आणि आर्किटेक्ट मिस व्हॅन डेर रोहने केलेली सीग्रॅम बिल्डिंग १९५८ ची. जगभरच्या ऑफिसांनी ज्यांची नक्कल केली त्या या इमारती, आणि त्यांच्या काचा धातूच्या चौकटीत अडकवलेल्या. जुन्या लाकडी खिडकीत काच खाचेत ठेवून पट्टी ठोकतात आणि लांबी (पुटी) भरतात, त्याचंच थोरलं भावंड. काच चौकटीतून बाहेर यायची तर आधी पट्टी तुटावी लागते.

लीव्हर हाऊसचं पुढे जे झालं ते वाशीच्या कमिटीलाही सांगितलं. मुलियनच्या आत साधं पोलाद होतं. पाणी झिरपून ते गंजलं, फुगलं आणि काचा तडकत गेल्या. शेवटी २००१ च्या सुमारास सगळी कर्टन वॉल उतरवून, दिसायला हुबेहूब पण आतून नवी अशी, बसवली. बिल्डिंगचा सांगाडा मात्र तोच राहिला. पडदा धुवायला काढावा तसा.

स्ट्रक्चरल ग्लेझिंगमध्ये ती पट्टीच नसते. काचेच्या मागच्या कडेला आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीला मध्ये सिलिकॉन भरून चिकटवतात. चारही बाजूंनी अशी नुसत्या सिलिकॉनवर धरलेली काच पहिल्यांदा डेट्रॉइटमध्ये १९७१ साली, एका आर्किटेक्चर फर्मने स्वतःच्याच ऑफिसवर लावली. स्वतःच्या घरावर प्रयोग केला हे मला फार आवडतं. नावातल्या 'स्ट्रक्चरल'ने लोकांना वाटतं की काचेवर बिल्डिंग उभी आहे. तो शब्द सिलिकॉनला लागू आहे. हे सिलिकॉन फट बुजवायला नसून भार घ्यायला आहे.

किती भार? वाऱ्यासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात मुंबईचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की एका चौरस मीटरवर सुमारे ११६० न्यूटन दाब येतो. उंची आणि बिल्डिंगचे कोपरे धरून आपण हिशेबाला २००० घेऊ, म्हणजे चौरस मीटरला साधारण २०० किलो. १.२ बाय २.४ मीटरची काच घेतली तर पावणेसहाशे किलो होतात. चांगली पोसलेली म्हैस. आणि वारा बाजूने घासून जातो तिथे तो काच ढकलत नाही, बाहेर ओढतो. ती म्हैस धरायला सिलिकॉनची पट्टी किती रुंद हवी? हिशेबात सिलिकॉनवर चौरस मिलिमीटरला ०.१४ न्यूटनपेक्षा जास्त ताण येऊ देत नाहीत. आखूड बाजू गुणिले दाब, भागिले या ताणाची दुप्पट. उत्तर येतं साडेआठ मिलिमीटरच्या जरा वर. करंगळीच्या रुंदीएवढीही नाही. तुटण्याची खरी मर्यादा याच्या कित्येक पट वर असते, म्हणून रात्री झोप लागते. काचेचं स्वतःचं वजन मात्र सिलिकॉनवर शक्यतो टाकत नाहीत. ते खालच्या छोट्या ठोकळ्यांवर बसवतात, कारण सतत लोंबणारं ओझं सिलिकॉनला वाऱ्याच्या झटक्यापेक्षा जास्त जाचतं.

हे सगळं टिकलीसारखं आहे. टिकली कितीही चांगल्या कंपनीची घ्या, कपाळ घामट किंवा पावडर लावलेलं असेल तर ती संध्याकाळपर्यंत आरशावर. तुर्भ्याच्या आमच्या शेडमध्ये ग्लेझिंगच्या टेबलाशी एक मुलगा फक्त पुसायला असतो. एका फडक्यावर आयपीए, म्हणजे पटकन उडून जाणारं अल्कोहोल, घेऊन कड पुसायची, आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायची. एकच फडकं वापरलं तर मळ फक्त पसरतो. एकदा एका नव्या पोराने पुसलेल्या कडेवर सहज अंगठा टेकवला. मिस्त्री ओरडला नाही. त्याने अख्खी फ्रेम बाजूला काढून त्याच्याकडूनच पहिल्यापासून पुसून घेतली. उष्णता अडवणारा मुलामा असलेली काच असेल तर कडेचा मुलामा आधी खरवडून काढावा लागतो. नाहीतर सिलिकॉन मुलाम्याला घट्ट धरतं आणि मुलामाच काच सोडतो. हेच कपाळावरची पावडर. म्हणूनच हे काम शेडमध्ये करायचं असतं. पावसाळ्यात बिल्डिंगबाहेर दोरांवर टांगलेल्या झुल्यावर लटकून केलेल्या स्ट्रक्चरल सिलिकॉनवर मी विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नका.

काच पडली म्हणजे सिलिकॉन सुटलं, असंही लगेच धरू नये. बॉस्टनच्या साठ मजली जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा १९७३ च्या जानेवारीतल्या वादळात निखळू लागल्या. एकेक काच सव्वादोनशे किलोच्या आसपास. भोकांवर प्लायवूड ठोकलं आणि लोकांनी इमारतीचं नाव प्लायवूड पॅलेस ठेवलं. वाऱ्यावर संशय गेला, इमारतीच्या डुलण्यावर गेला. दोष निघाला दुहेरी काचेच्या स्वतःच्या सांध्यात. दोन काचांमधली शिशाची पट्टी काचेला इतकी ताठ जोडलेली होती की थोडंही हलायला जागा नव्हती, आणि ताण काचेवर येऊन ती तडकत होती. भिंत टिकली, सांधा गेला. १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या.

बाहेरून ओळखायचं कसं? ऐरोली किंवा घणसोलीला गाडीतून उतरलात की समोरच्या एखाद्या काचेच्या बिल्डिंगकडे बघा. काचांमध्ये ॲल्युमिनियमच्या उठावदार पट्ट्या दिसल्या तर काच अडकवलेली आहे. नुसती काळी, अंगठ्याएवढी रेघ दिसली तर चिकटवलेली. आडव्या पट्ट्या आणि उभ्या काळ्या रेघा असाही मेळ असतो, त्यात दोन बाजू अडकवलेल्या आणि दोन चिकटवलेल्या. हे झालं काचेचं. भिंतीचं बाहेरून कळत नाही. आत जाऊन खिडकीपाशी वाकून बघा: काच स्लॅबच्या कडेपुढून अखंड खाली जाते का? जात असेल तर कर्टन वॉल. बेलापूरच्या जुन्या सरकारी कचेऱ्यांसारखी विटांची भिंत आणि वर छज्जा असेल तर तिथली काच म्हणजे नुसती खिडकी. तळमजल्याच्या शोरूमला चार बोटांच्या स्टीलच्या पंजांनी धरलेल्या काचा दिसतात, त्याला स्पायडर म्हणतात. ते तिसरंच प्रकरण आहे.

एक फसगत फार होते. ती काळी रेघ म्हणजे स्ट्रक्चरल सिलिकॉन नाही. ते वेदर सीलंट, पावसाला अडवणारं. भार घेणारं सिलिकॉन काचेच्या मागे असतं, रस्त्यावरून दिसत नाही. झुल्यावरून बाहेरची रेघ नवी केली म्हणजे ग्लेझिंग मजबूत झालं असं कुणी म्हणालं तर तो टिकलीच्या कडेने काजळ फिरवतोय.

वाशीला नेमकं हेच झालं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या मेंटेनन्सवाल्याने बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारताना आडव्या फटीतली बारीक भोकंही बुजवली होती. त्याला ती गळतीची भोकं वाटली. ती निचऱ्याची होती. चांगली कर्टन वॉल पाणी आत येणारच असं गृहीत धरते आणि ते बाहेर काढायची वाट ठेवते. वाट बंद झाल्यावर पाणी सेक्शनमध्ये साचलं आणि ब्रॅकेटपाशी स्लॅबवर उतरलं. भिंत शाबूत, चिकटवणही शाबूत. दोन्ही कोटेशन्स चुकीची होती.

रोपवर आलेल्या पोराने पाचव्या मजल्याखालच्या फटीतलं पहिलं भोक पेचकसाने मोकळं केलं, तेव्हा काळं पाणी त्याच्या बाहीवर उडालं आणि पुढची दहा मिनिटं गळत राहिलं. सेक्रेटरी काका खाली छत्री धरून मोजत उभे होते.